संज्या, आप्पांना सांगणार कोण?

बेळगाव, २३ जुलै २०२४

प्रिय संज्या,

सहा महिने फोन नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. तब्येती बऱ्या आहेत, माझी शुगर जरा वर, ते जाऊ दे. हे फोनवर बोलता येईना, घरात आप्पांना सगळं ऐकू जातं.

परवा रात्री बायडननं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतनं माघार घेतली, तेव्हापासनं डोक्यात हेच चालू आहे. हसू नको. त्याची ट्रम्पबरोबरची ती डिबेट आम्ही लाईव्ह बघितली होती, २८ जूनला सकाळी साडेसहाला. आप्पांना इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं, म्हणून ते बोलणाऱ्याचं तोंडच बघत बसतात. अटलांटाचा स्टुडिओ, समोर पब्लिक नाही, एक बोलताना दुसऱ्याचा माईक बंद (ही सोय आपल्या एकीकरण समितीच्या मीटिंगांना असती तर निम्मे गट पडलेच नसते). ट्रम्प रेटून थापा मारालता, पण आवाज खणखणीत. आणि बायडनचा घसा बसलेला, बोलता बोलता मधेच अडकला, खाली बघितलं आणि "शेवटी आम्ही मेडिकेअरला हरवलं" म्हणून मोकळा झाला. अरे ती तिथली म्हाताऱ्यांची सरकारी योजना, तिलाच हरवलं! मी फस्सकन हसलो. आप्पा हसले नाहीत, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "सर्दी झाली असंल त्याला." नंतर त्याच्या लोकांनी पण तेच सांगितलं बघ.

पुढं दोघं गोल्फ कोण चांगलं खेळतो यावरनं भांडले, तेव्हा मला आपलं कॅरम आठवलं. ती राणी तू ढकललीच होतीस, आज पण म्हणतो.

तू १ जूनला नव्हतास रे. सकाळी हिंडलग्याला हुतात्मा स्मारकावर जाऊन आलो, संध्याकाळी गल्लीत छोटी सभा. आप्पांनी ८६ चं कन्नडसक्तीचं सगळं नीट सांगितलं, काठी कुठं बसली ते सुद्धा, २००४ ची सुप्रीम कोर्टातली केस सांगितली, आणि "आमची आठशे..." म्हणून थांबले. महाराष्ट्रात यायला पाहिजेत ती सीमाभागातली ८६५ गावं, झोपेत पण हा आकडा म्हणणारा माणूस. घड्याळाचा पट्टा सोडला, लावला, परत सोडला. मागनं एक पोरगं ओरडलं, "पासष्ट!" टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी, संज्या, मोबाईलमध्ये तोंड घातलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "छान बोललात आप्पा." डिबेट संपल्यावर बायडनच्या बायकोनं पण असंच कौतुक केलं होतं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस म्हणून. दोघंही ८१ चे आहेत, बायडन आणि आप्पा.

आता १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीनंतर बोलणार म्हणालेत. वही काढलीय, पहिल्याच पानावर लाल पेनानं मोठं ८६५. मी बघितलं हे त्यांना माहीत नाही. कार्यकर्ते मला बाजूला घेऊन म्हणतात, तूच सांग. मी काय सांगू? त्या दिवशी नजर चुकवणारा मीच. तू काळा शर्ट न घालता फेरीला आलास म्हणून वर्षभर बोलले नव्हते तुझ्याशी, पण ऐकलं तर तुझंच ऐकतील.

काल बातमी बघून म्हणाले, "सर्दी तीन आठवडे राहती होय रे?" मी म्हटलं राहते कधी कधी.

तुझं प्रमोशन झालं म्हणे, अभिनंदन. पोरगीचं कॉलेज सुरू झालं का? वहिनींना नमस्कार.

७ सप्टेंबरला गणपती आहे, दोन दिवस आधीच ये. त्यांना सांगायचं का वही घेऊन शेजारी उभं राहायचं, ते तू आल्यावर ठरवू.

तुझा,
पम्या