येळवशीला जमणार नाही

ती. आई, अण्णा,

फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून लिहितेय. येळवशीच्या सणाला मी येत नाही. आणि मार्चला द्यायचा थिसिस आता सप्टेंबरवर गेलाय. सरांना कळवूनही टाकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी बॅग भरली असती.

अण्णा, पुढचं आईला वाचून दाखवा, तिच्या डोळ्याला ताण नको.

माझं काम स्विफ्ट दुर्बिणीच्या फोटोंवर आहे. 2004 ला अवकाशात सोडलेली ती. अतिनील प्रकाश ओझोन खाली येऊ देत नाही, म्हणून वर जाऊनच बघावं लागतं. तिच्या फोटोत ताऱ्याचा प्रकाश लांब पट्टा होऊन पडतो, आणि पट्ट्यावर तरंगलांबीचे आकडे काही छापलेले नसतात. ताऱ्याची जागा आधी पक्की करायची, तिथून मोजत जायचं. एक पिक्सेल म्हणजे साधारण 3 अँगस्ट्रॉम, तरंगलांबी मोजायचं माप ते. जागा धरायला त्याच वेळचा साधा फोटो लागतो. माझ्या काही निरीक्षणांना तो नव्हताच. प्रोग्रॅमनं पट्ट्यांच्या फोटोवरूनच जागा जुळवली, ती 3 पिक्सेल चुकली, आणि मी तपासली नाही. मॅग्नेशियमची पट्ट्यात 2800 अँगस्ट्रॉमला पडणारी रेषा 9 अँगस्ट्रॉम सरकलेली दिसली, तर मी खुशाल लिहून बसले की वायू सेकंदाला हजार किलोमीटरनं आपल्याकडं येतोय!

पण वेगामुळं रेषा तरंगलांबीच्या प्रमाणात सरकते. वेग खरा असता तर 1909 ची कार्बनची रेषा 6 नं सरकली असती. ती पण 9 नंच सरकलेली. रात्री दोन वाजता एकदम बाभळीच्या वावराची मोजणी आठवली. मी तुमच्या खांद्यावर होते, काका तावातावानं बोलत होते, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "साखळीत खोट असती तर लांबच्या टोकाला फरक वाढला असता. सगळीकडं दीडच हात येतोय, म्हणजे पहिला दगडच हललाय."

माझाही पहिला दगडच हललाय, अण्णा. कुणाला कळलंही नसतं कदाचित. पण मला कळल्यावर तसंच पुढं पेरत बसू का? सगळे पट्टे नव्यानं मोजायचेत, सहा महिने त्यालाच लागतील.

पैशाचं टेन्शन घेऊ नका, दोन शिकवण्या मिळाल्यात. मेसची भाकरी जाड असते, पण मिळते. थंडीला आईची वाकळ आहे. अजून तिच्यात तोंड खुपसून झोपते, हसू नका.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र पुढं ढकलायचं नाही. त्याला मी येणारच, तिकीट काढलंय. आई, डोळ्यातलं भिंगच आपल्याला अतिनीलपासून जपतं, आणि हल्लीच्या बहुतेक नव्या भिंगांतही ती सोय असते. तरी डॉक्टरांना विचार, लाजू नको. नंतर चुलीपुढं बसायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. अण्णांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मला दादा सगळं सांगतो.

आणि यंदा आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन वावरात जाऊ नको. वहिनीकडं दे. तुला वाटतं तेवढी ती सांडत नाही.

तुमची,
लेक