बाळूस पत्र : त्या काटेरी झुडपाविषयी

नंदगड, ता. खानापूर
12 फेब्रुवारी

प्रिय बाळू,

रामराम. तुझं पाकीट काल मिळालं, "हे झुडूप नक्की कोणतं?" हा तुझा प्रश्नही वाचला. फोडलं तशी वाळकी फांदी चटईवर पडली. काटे बघून आई म्हणाली, "करवंदीची काय रे ही?" मी पान उलटं करून अंगठ्याने घासलं, तर बोटाला चंदेरी भुकटी लागली. सीबकथॉर्नच आहे, लडाखातलं ते आंबट केशरी फळांचं काटेरी झुडूप, शंका धरू नकोस. लडाखात नुब्रा खोऱ्याच्या नदीकाठी माझ्या बाह्या याच काट्यांनी फाडल्यात.

लेहकडे पाटाच्या कडेला दुसरं एक झाड असतं, सेरसिंग म्हणतात. तुझा घोटाळा त्याच्यामुळे झाला असणार. पान तसंच चंदेरी, काटेही असतात. पण ते चांगलं उंच वाढतं, फळ देठाला लोंबतं आणि खायला पिठूळ गोड लागतं. सीबकथॉर्नचं फळ केशरी, आंबटढाण. देठ जवळजवळ नाहीच, कणसाला मक्याचे दाणे असावेत तसं फांदीलाच चिकटलेलं. हाताने तोडायला गेलास तर फुटून रस कोपरापर्यंत येतो. थंडी कडक झाली की खाली चादर अंथरायची आणि काठीने फांद्या झोडायच्या.

तुझ्या चौकीमागच्या उतारावर कुंपण लावतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. तिथे हेच लाव. नुसत्या वाळूत, गोट्यांत जगतं. भुईमुगाला असतात तशा गाठी याच्याही मुळांवर असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणून खताची ओढ नाही. मुळांतून फुटवे निघत जातात आणि चार-पाच वर्षांत सगळी माती आवळून धरतात. उणे 40 अंशांतही मरत नाही. पाणी साचलं तर मात्र मरतं.

पण माझ्यासारखं करू नकोस. मी फळांनी लगडलेलं एकच झुडूप हेरलं आणि वीसच्या वीस काड्या त्याच्याच लावल्या. दुसऱ्या पोस्टिंगला गेलो तेव्हा झुडपं छातीएवढी झाली होती, फळ एक नाही. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. फळं धरतात ती सगळी मादी, आणि नराचा पराग वाऱ्यावरून यावा लागतो. माझ्या जागेजवळ नर नव्हताच. त्या दिवशी फार वाईट वाटलं रे.

म्हणून आत्ताच, पानं नसताना, नदीकाठी जाऊन फांद्यांवरचे डोळे, म्हणजे मिटलेल्या कळ्या, बघ. नराचे डोळे टपोरे, खवल्या-खवल्यांचे, मादीचे बारीक. सहा-सात माद्यांमागे एक नर पुरे, तो वाऱ्याच्या तोंडाला लाव. मार्चमध्ये डोळे फुटायच्या आत पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या काप, एक-दोन दिवस पाण्यात ठेव आणि वर दोनच डोळे ठेवून बाकी काडी मातीत पुर. बियांच्या नादी लागू नकोस. बियांचं रोप नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्यात तीन-चार वर्षं जातात.

सुट्टीला येताना गावी रोपं आणू का म्हणतोस, ते मात्र नको. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुला ठाऊक आहे, जूनमध्येच मुळं कुजतील. आपल्या बांधावर करवंदीची जाळी आहे ती बरी आहे.

नराच्या काड्यांना आधीच लाल दोरा बांध. एकदा मिसळल्या की ओळखू येत नाहीत. आणि पहिला फुटवा आला की फोटो पाठव, आईलाही बघायचाय.

तुझा,
परशा