भोगवटा प्रमाणपत्र आणि गळणारी गच्ची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या इमारतीची गच्ची दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात गळू लागली आणि रहिवासी तक्रार घेऊन गेले, की विकासकाकडून बहुधा एकच उत्तर मिळते : महापालिकेने पाहणी करून भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरात घेण्याची परवानगी) दिले आहे, तेव्हा कामात दोष असण्याचा प्रश्नच नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेला हे उत्तर लेखी मिळाले. त्यातील पूर्वार्ध खरा आहे; उत्तरार्ध त्यातून निघत नाही, आणि सदनिका घेणाऱ्यांना हे ताबा घेण्यापूर्वीच ठाऊक असावे म्हणून हा पत्रप्रपंच.

भोगवटा प्रमाणपत्र देताना पालिका पाहते ते इतकेच, की बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे काय, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची, चटईक्षेत्र व वाहनतळ जुळतात काय आणि अग्निशमन, लिफ्ट, जलनिस्सारण यांचे दाखले फाइलला लागले आहेत काय. मजबुतीबाबत तिचा भर असतो तो वास्तुविशारदाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर आणि संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर, व या दोघांनाही मानधन देणारा विकासकच असतो. गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू असताना पालिकेचा अभियंता तेथे उभा नसतो. एवढ्या इमारतींना तेवढे अभियंते आणायचे कोठून, हेही मान्य. परंतु मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या गच्चीवर फेरी मारून चायना मोझेकखाली (टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीखाली) काय दडले आहे हे कोणालाही कळणार नाही.

काय दडलेले असते, ते आमच्या गच्चीचा कोबा (विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेला जलरोधक थर) फोडला तेव्हा दिसले. विटांचे तुकडे मालात बसवलेलेच नव्हते. ते रेतीवर पसरून वरून पातळ थर ओढलेला होता आणि तुकडे हाताने उचलून येत होते. स्लॅब व कठडा मिळतात त्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) काढलेला नव्हता, भेग नेमकी तेथेच होती. उतार पावसाळी पाइपकडे असायचा तो जिन्याच्या खोलीकडे, आणि पाइपचे तोंड फरशीपेक्षा बोटभर वर. शंभरास एक उतार देणे ही काही दुर्मीळ विद्या नव्हे, कोणताही जाणता गवंडी पाणसळ-दोरीवर तो काढून देतो. त्यात भर म्हणून सौर बंबाच्या स्टँडचे बोल्ट जलरोधक थर भेदून थेट स्लॅबमध्ये ठोकलेले होते.

गच्ची हे उरकण्याचे काम ठरते, कारण ते अगदी शेवटी येते आणि तोवर ताब्याची तारीख डोक्यावर असते. ते चौरस फुटाच्या दराने उपकंत्राटदाराला दिले जाते. त्याच्या दहा वर्षांच्या हमीपत्राचा मोठा गाजावाजा होतो, पण ते पुष्कळदा विकासकाच्या नावे असते, संस्थेच्या हाती त्याची छायाप्रतही नसते.

कायदा याबाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष विकासकाच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्यात दोष दाखवण्याची मुदत तीन वर्षांची होती. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणून ही जबाबदारी संपते, असे कलम १४(३) मध्ये कोठेही म्हटलेले नाही. अडचण आहे ती मुदतीची. पहिली दोन वर्षे सुरक्षारक्षकाला तोंडी सांगण्यात आणि छताला रंग मारून घेण्यात जातात, संस्थेची नोंदणी रखडलेली असते, आणि लेखी नोटीस निघेपर्यंत पाच वर्षे सरत आलेली असतात. शेवटी खर्च सभासदांच्या वर्गणीवर पडतो. नाइलाजाने पत्र्याची शेड टाकायची म्हटली, तर तिला मात्र पालिकेची परवानगी लागते!

पालिकेने प्रत्येक कोबा तपासावा, अशी मागणी मी करणार नाही. एवढे मात्र सहज करता येईल : भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत गच्चीवर किमान ४८ तास पाणी साठवून घेतलेल्या चाचणीचा, वरच्या मजल्याच्या छताच्या छायाचित्रांसह व जबाबदार अभियंत्याच्या सहीचा अहवाल बंधनकारक करावा, वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र संस्थेच्या नावे हस्तांतरित करण्याची अट घालावी, आणि गुणवत्तेची तपासणी पालिकेने केलेली नाही हे वाक्य प्रमाणपत्रावरच मराठीत ठळक छापावे. नगरविकास विभागाने व महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) यावर विचार करावा, ही विनंती.

आपला,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ठाणे