बेलफास्टच्या गोदीवरून

बेलफास्ट,
रविवार

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. मुलीकडे उत्तर आयर्लंडला येऊन तीन आठवडे झाले. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता रिपरिपतो. काल आडोशाला म्हणून सिटी हॉलमध्ये शिरलो आणि तुझ्या गोदीवाल्या अण्णांची आठवण आली. तिथे रंगीत काचेची एक अख्खी खिडकी १९०७ च्या गोदी संपाची आहे. त्या थाटामाटात हमालांची खिडकी! घरी आल्यापासून त्याच संपाबद्दल वाचत बसलोय, म्हणून हे लांबलचक पत्र.

अण्णा सांगायचे ना, पहाटे गेटवर उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर काम, नाहीतर घरी. इथेही तेव्हा तेच. सुमारे ३,१०० गोदी कामगार, त्यांतले दोन हजार रोजच्या रोज निवडले जाणारे, आपल्या भाषेत बदली. काम लागलं तर आठवड्याला ७५ तासांपर्यंत. त्यात धर्माची वाटणी. समोरच्या इंग्लंडच्या बंदरांशी ये-जा करणाऱ्या बोटींवर कायमची कामं, ती बहुतेक प्रोटेस्टंटांकडे. लांब पल्ल्याच्या जहाजांवरची बेभरवशाची कामं बहुतेक कॅथलिकांकडे. दोघांच्या वस्त्या वेगळ्या, सणवार वेगळे. मालकांना आणखी काय हवं?

जानेवारी १९०७ मध्ये जिम लार्किन आला. लिव्हरपूलच्या आयरिश घरातला, स्वतः गोदीत राबलेला, गोदी कामगारांच्या युनियनचा संघटक. आवाज असा की सभेला भोंगा नको. एप्रिलपर्यंत तीन हजारांच्या आसपास माणसं युनियनमध्ये. मे महिन्यात बेलफास्ट स्टीमशिप कंपनीच्या कामगारांनी युनियनबाहेरच्यांसोबत काम नको म्हणून हात थांबवले. गंमत म्हणजे लार्किनच म्हणाला, घाई झाली, परत कामावर जा. गेले, तर त्यांच्या जागी लिव्हरपूलहून आणलेले संपफोडे! कंपनीचा अध्यक्ष थॉमस गॅलाहर. त्याचा तंबाखूचा कारखानाही होता. लार्किनची सभा ऐकायला गेल्या म्हणून तिथल्या सात मुलींना काढलं, तर हजारेक बायका काम टाकून बाहेर पडल्या. त्यांना पोसायला युनियनकडे पैसाच नव्हता, त्या लगेच परतल्या. हे मला फार लागलं.

पुढे गाडीवान संपात उतरले आणि शहर ठप्प झालं. १२ जुलै हा इथल्या प्रोटेस्टंटांच्या मिरवणुकीचा दिवस, एरवी दंग्याची धास्ती. त्या वर्षी तो शांतपणे पार पडला आणि इंडिपेंडंट ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंटांच्याच संघटनेनं संपकऱ्यांसाठी चक्क वर्गणी गोळा केली. कॅथलिकांचा फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांचा शँकिल रोड, दोन्हींवरून एकच मोर्चा निघाला.

पण मी अडकलो तो एका हवालदारापाशी. विल्यम बॅरेट. मालवाहू मोटार चालवणाऱ्या संपफोड्याच्या शेजारी संरक्षणाला बस, असा हुकूम झाला. तो बसला नाही. बस्स, एवढंच. डोळ्यांपुढे आण: मोटार सुरू आहे, ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी, आणि हा रस्त्यावर उभा. त्याला निलंबित केलं. पोलीसही जादा कामानं आणि तुटपुंज्या पगारानं पिचलेले. २४ जुलैला म्यूझग्रेव्ह स्ट्रीटच्या बराकीत शेकडो पोलीस जमले, हाणामारी झाली. बॅरेटला काढून टाकलं, कित्येकांची बदली झाली आणि शहरात लष्कर आलं.

लष्कर मुद्दाम फॉल्समध्ये घुसवलं, असं माझं स्पष्ट मत. १२ ऑगस्टला तिथे गोळीबार झाला, मार्गारेट लेनन आणि चार्ल्स मॅकमलन हे दोघे गेले. तेव्हापासून संपाला कॅथलिकांचा दंगा म्हणणं सोपं झालं. संपकऱ्यांनी पत्रकं काढून सांगितलं की धर्माच्या नावानं फुटू नका.

तरी मोडला तो आतूनच. युनियनचा सरचिटणीस जेम्स सेक्स्टन लिव्हरपूलहून आला. तिजोरी रिकामी होत चाललेली, हे मान्य. पण त्यानं गाडीवानांची तडजोड आधी उरकली आणि गोदीवाल्यांना कंपनीगणिक आपापलं बघा म्हणून सोडून दिलं. ऑगस्टअखेर संप संपला. म्हणजे धर्मानं जे जमलं नाही, ते वेगवेगळ्या तहांनी जमलं. लार्किन आणि सेक्स्टनचं बिनसलं, आणि वर्ष-दीड वर्षात लार्किननं डब्लिनमध्ये आयर्लंडची स्वतःची वाहतूक कामगार युनियन उभी केली. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी कामगारांना बाहेर ठेवून केलेली मोठी टाळेबंदी तिच्याच विरोधात.

अण्णांच्या टोळीत एकाच गावची माणसं असायची, दुसऱ्या टोळीशी पाणीसुद्धा वाटून प्यायचे नाहीत, हे तूच सांगितलंस ना? मग त्यांच्या संपात त्या टोळ्या एकत्र बसल्या कशा? वहिनींना विचारून बघ, अण्णा त्यांच्याशी जास्त बोलायचे. आणि गोणी ओढायचा त्यांचा तो हूक माळ्यावर असेल तर त्याचा फोटो पाठव. जावयाला दाखवायचाय, त्याला वाटतं मी मासे पकडायच्या गळाबद्दल बोलतोय.

तुझा,
सुधाकर