दिवाळीआधीचा ढीग नको, महिन्याचा अभ्रा हवा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय : वापरलेले कपडे दर महिन्याला गोळा करण्याची कायम व्यवस्था करणेबाबत

स.न.वि.वि.

दिवाळीच्या साफसफाईत होणारी कपडेदानाची मोहीम बंद करावी आणि तिच्याऐवजी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० ते ११.३० एवढंच संकलन ठेवावं, अशी आमची विनंती आहे.

दिवाळीआधीच्या आठवड्यात शहरातल्या सगळ्याच सोसायट्या एकदम कपडे बाहेर काढतात. घेणाऱ्यांकडे निवडणारी माणसं आणि गोदामाची जागा मात्र नेहमीचीच असते. शिवाय वर्षभर कपाटाच्या तळाशी पडून राहिलेल्या कपड्याचं तोवर बरंच काही बिघडलेलं असतं. इलॅस्टिक सैल होतं, घडीवर पिवळी रेघ उमटते, लोकरीला कसर लागते. लहान मुलाचा जो कपडा मार्चमध्येच दुसऱ्या मुलाच्या अंगावर जायला हवा होता, तो ऑक्टोबरपर्यंत घरातच पडून राहतो. घाईत सगळं एकाच ढिगात टाकलं जातं आणि ढीग निवडणं हे सर्वांत खर्चाचं काम आहे. ते घरातच, ज्याने कपडा वापरला त्याच्या हातून झालं, तर त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. काखेत कापड विरलं आहे की नाही, चेन कुठे अडकते, हे त्यालाच ठाऊक असतं.

म्हणून ही सवय कपाटापाशी लावू नये, दोरीपाशी लावावी. कपाट आवरायचं ठरवलं की ते पुढे ढकललं जातं. धुतलेले कपडे दोरीवरून काढून घड्या घालताना मात्र प्रत्येक कपडा तसाही हातात येतो. आखूड झालेला, घट्ट होणारा, चार महिन्यांत कुणी अंगात न घातलेला कपडा त्याच वेळी बाजूला काढावा. तो धुतलेला आणि वाळलेला असतोच. कपाटाच्या दाराला आतून एक जुना उशीचा अभ्रा अडकवून त्यात तो टाकावा. अभ्रा सुती असल्यामुळे आत हवा खेळते. त्यात आठ-दहा कपडे, म्हणजे सुमारे दोन-अडीच किलो मावतात. दुसऱ्या रविवारी तो भरलेला असेल तर खाली आणावा, नसेल तर पुढच्या महिन्यात.

आपल्या ६० घरांपैकी निम्म्यांनी एकेक अभ्रा दिला तरी ६०-७५ किलो होतात, म्हणजे दाबून भरलेल्या चार-पाच गोण्या. एवढं दोन माणसं दीड तासात सहज पाहू शकतात. वर्षाचा साठा एकाच दिवशी आला तर दहा माणसांनाही तो पेलत नाही.

काय द्यायचं हे घेणाऱ्याला विचारून ठरवावं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे गेले. तिथल्या मच्छीमार कुटुंबांना ते नको होते आणि रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. पाठवणाऱ्यांची भावना खरी होती, पण ‘तुम्हाला काय लागतं?’ हे विचारायचं राहून गेलं. आपल्याकडे पूर आला की हेच होऊ शकतं. अशा वेळी जुन्या जीन्सचं कुणी काही करू शकत नाही. लागतात चादरी, टॉवेल आणि कोरे अंतर्वस्त्र-संच.

महाराष्ट्राच्या खेड्यांत कायम उपयोगी पडणारा कपडा म्हणजे पुरुषांचा पूर्ण बाहीचा सुती शर्ट. शेतमजुरी करणाऱ्या बाया तो साडीवर घालतात. ऊन, उसाचं पातं, कापसाच्या बोंडाची टोकं यांपासून हात वाचतात. कॉलर विटली म्हणून आपण जो शर्ट टाकून देतो, तो तिथे दोन हंगाम चालतो. फक्त बटणं सगळी हवीत आणि कापड सुती हवं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला नायलॉन-पॉलिस्टर देऊ नये. ते पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. साडी देताना ब्लाउज आणि परकर तिच्याच घडीत ठेवून नाडीने बांधावेत, सुटे दिले तर पुन्हा जुळत नाहीत. नऊवारी लुगडी असतील तर वेगळी ठेवावीत, म्हाताऱ्या बायकांसाठी ती मागितली जातात.

ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी कोप्यांत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत काढतात. तेव्हा त्यांना स्वेटर आणि जाड चादर लागते. आपण स्वेटर जानेवारीत कपाटातून काढून दिला तर तो निवडून, बांधून पोचेपर्यंत होळी येते. त्यामुळे फेब्रुवारीअखेर लोकरीचे कपडे धुऊन ठेवताना जे पुन्हा घालायचे नाहीत ते मार्चच्या संकलनातच द्यावेत. पुढची थंडी येईपर्यंत ते पोचवायला सहा-सात महिने हाताशी राहतात.

फाटकं सुती कापड वाया जात नाही, पण ते ‘घालण्याजोगं’ या गोणीत येता कामा नये. मऊ पडलेल्या सुती साड्या आणि धोतरं गोधडीला जातात. बनियन, टी-शर्ट गॅरेजमध्ये पुसायला चालतात, मात्र बटणं आणि चेन कापून काढावी लागतात, नाहीतर गाडीच्या रंगावर ओरखडे उठतात. पॉलिस्टर पाणी फारसं शोषत नाही, म्हणून ते पुसायलाही चालत नाही. विरलेले टॉवेल आणि चादरी प्राण्यांच्या निवाऱ्यात लागतात. लोकरीच्या चिंध्यांचा पुन्हा धागा करण्याचा मोठा उद्योग हरियाणात पानिपतला आहे. वापरलेली अंतर्वस्त्रं, एकेकटे मोजे आणि उशीतला कापूस मात्र कुठल्याच गोणीत नको.

सर्वांत जास्त नुकसान ओल करते. कपडा वरून कोरडा लागतो, पण कमरपट्टी, खिशाचं अस्तर आणि काखेची शिवण शेवटी वाळते. तिथे हाताची मागची बाजू लावून पाहावं, गार लागलं तर ओल आहे. असा एक कपडा बंद गोणीत गेला तर दोन-तीन दिवसांत कुबट वास सुटतो, मग बुरशीचे काळे ठिपके येतात आणि शेजारचे चांगले कपडेही जातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये संकलन ठेवू नये, अभ्रा घरातच राहू द्यावा. प्लास्टिकच्या पिशव्या कोणत्याही महिन्यात घेऊ नयेत.

डांबराच्या गोळ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असते. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविडे, दुपटी, टोपडी गोळ्यांत ठेवलेली असतील तर ती बाळासाठी देऊच नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

कपडे कुठे द्यायचे? ‘गूंज’ ही संस्था अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केली (त्यांना २०१५चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला). गावकरी विहीर, रस्ता, बांध अशी गावाची कामं श्रमदानातून करतात आणि मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात. घेणारा तिथे याचक ठरत नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. सुती कापडापासून ही संस्था मासिक पाळीसाठी पॅडही बनवते. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमातून जुने कपडे घेते. दोन्हीकडे आधी फोन करून त्या महिन्यात काय घेतात ते विचारावं. गोणीसोबत वाहतुकीचा आणि निवडणीचा खर्चही द्यावा, कारण कपडा आपल्याला फुकट असला तरी तो पोचवणं फुकट नसतं.

आणि बोहारीण. तिला फाटकावर अडवणं बंद व्हावं, ही या पत्रातली दुसरी विनंती. भांड्यावर कपडे घेणारी ती बाई तुटलेली चेन बदलते, उसवलेलं शिवते, धुऊन-इस्त्री करून बाजारात विकते. आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो, ते काम तिच्या समाजातल्या बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. जरीच्या साड्या, सूट, लग्नातले शेरवानी-घागरे यांची खेड्यात गरज नसते, तिच्याकडे मात्र त्याला गिऱ्हाईक असतं. महिन्यातून दोन ठरावीक दिवस, वहीत नाव नोंदवून तिला आत येऊ द्यावं.

घरकामाला येणाऱ्या ताईंना द्यायचं असेल तर अभ्रा त्यांच्यापुढे रिता करावा आणि हवं ते त्यांना निवडू द्यावं. नको म्हणाल्या तर आग्रह नको. शाळेचे गणवेश याच सोसायटीतल्या त्याच शाळेच्या धाकट्या मुलांना आधी विचारावेत. शाळेचं चिन्ह असलेला सदरा दुसऱ्या कुठल्या शाळेत चालत नाही.

समितीकडून लागेल ते थोडंच आहे : ताणकाटा, सुतळी, सहा गोण्या, एक वही आणि गोण्या जमिनीपासून चार इंच वर राहतील अशी लाकडी फळी. जागा स्टिल्टमधल्या कोरड्या कोपऱ्यात असावी. मीटरखोलीत किंवा जिन्याच्या चौकात गोण्या ठेवू नयेत, तिथे कापडाचा साठा म्हणजे आगीला आमंत्रण आहे. संकलनानंतर दोन दिवसांत गोण्या हलल्याच पाहिजेत. वाहन आधी ठरलेलं नसेल तर त्या महिन्याचं संकलन रद्द करावं. खाली ठेवलेल्या पेटीत कधीही कपडे टाका, ही पद्धत आम्ही मुद्दाम सुचवत नाही. न पाहता टाकलं जातं आणि महिनाभरात पेटीत उंदीर होतात.

वहीत फक्त वजन आणि गोणीचा प्रकार लिहावा. कोणत्या घराने किती दिलं, हे लिहू नये आणि फोटोही काढू नयेत. दर तीन महिन्यांनी घेणाऱ्या संस्थेला ‘काय कामी आलं नाही?’ हे विचारून ते सूचनाफलकावर लावावं.

हा विषय समितीच्या येत्या मासिक सभेत घ्यावा. मंजुरी मिळाल्यास पहिल्या तीन रविवारांचं काम, वजन आणि गोण्या बांधण्यासह, आम्ही दोघे पाहू. स्टिल्टमधल्या खोलीची किल्ली शनिवारी संध्याकाळी मिळावी.

कळावे,
आपले,
‘ब’ विंगमधील दोन रहिवासी