सिगार कडू नव्हती, कोरडी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महागड्या सिगारींवर लेख आला. परदेशातून आणून कपाटात ठेवलेल्या सिगारी ओढून त्या कडू, घसा जाळणाऱ्या आणि नावापुरत्या भारी असल्याचा निकाल त्यात आहे. शेवटी सिगारी फ्रिजमध्ये ठेवाव्यात, असा सल्लाही आहे. निकाल चुकला तो कपाटातल्या साठवणीमुळे, म्हणून हे पत्र.

हाताने वळलेल्या सिगारीत तीन थर असतात. पोटात लांब पाने, त्यांना आवळून धरणारे बांधणीचे पान आणि वर तलम रॅपर. तिन्हींत ओलावा सारखा असेल तरच ती नीट जळते. त्यासाठी भोवतालची आर्द्रता 65 ते 70 टक्के आणि तापमान 18 ते 21 अंश लागते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा 45 च्या आसपास असतो आणि गच्चीवर घातलेल्या बिबड्या दिवसभरात कडक होतात. त्याच हवेत कपाटातली सिगार आतून वाळते, बाहेरून मात्र तशीच दिसते. वाळलेले पान भराभर आणि फार गरम जळते. तो गरम धूर जिभेला झोंबतो. पानातली सुगंधी तेले आधीच उडालेली असतात, त्यामुळे लाकूड, कोको, मिरी यातले काहीच लागत नाही. लेखकाने चव घेतली ती आपल्या उन्हाळ्याची.

फ्रिजने हे सुधारत नाही. आपोआप बर्फ काढणारा फ्रिज आतली हवा सतत कोरडी करतो, शिवाय कालच्या भरिताचा आणि लसणाचा वास पान ओढून घेते. फ्रीजरचा उपयोग एकच, कीड मारणे. तापमान 25 अंशांच्या वर राहिले की तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटू शकतात आणि रॅपरला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके पडतात. अशा वेळी सिगारी हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांत तीन दिवस, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि त्यानंतर बाहेर. फ्रीजरमधून थेट बाहेर काढल्या तर रॅपर तडकते.

साठवणीला महागडी पेटी लागतेच असे नाही. (त्या पेट्यांना आतून लावतात ते स्पॅनिश सीडर नावाला सीडर, प्रत्यक्षात आपल्या कडुलिंबाच्या कुळातले लाकूड आहे.) रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, ओलावा देणारे आणि जास्तीचा शोषणारे 69 टक्क्यांचे पाकीट आणि एक आर्द्रतामापक एवढे पुरते. 25 सिगारींना 60 ग्रॅमचे एक पाकीट. ओले फडके किंवा बटाट्याची फोड ठेवू नये, बुरशी येते. मापकही आधी तपासावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाण्याने चिखलासारखे करावे, विरघळू देऊ नये. ते आणि मापक एका झिपच्या पिशवीत 24 तास ठेवावेत. काटा 75 वर यायला हवा. 71 दाखवत असेल तर तो चार टक्के कमी दाखवतो, एवढे लक्षात ठेवावे. डबा घरातल्या सर्वांत गार खोलीत, भिंतीलगत खाली ठेवावा, कपाटाच्या माथ्यावर नाही.

वाळलेली सिगार सावरता येते, पण सावकाश. आधी 62 टक्के, मग 65, मग 69, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन आठवडे. घाई केली तर पोटातली पाने फुगतात आणि रॅपर उभे फाटते. उडालेली तेले मात्र परत येत नाहीत.

परीक्षा पेटवण्याआधी सुरू होते. दोन बोटांत हलके दाबल्यावर सिगार किंचित दबून परत वर यायला हवी. कुरकुर वाजली तर कोरडी, खळगा तसाच राहिला तर फार ओली. एकाच ठिकाणी गाठ लागली तर तिथे धूर अडणार. ओढायच्या टोकावर पानाचा तुकडा चिकटवलेला असतो, ती टोपी. तिच्या रेषेच्या वर राहून साधारण 2 मिलिमीटर कापावे. खाली कापले की रॅपर उलगडते. पेट्रोलचा लायटर किंवा मेणबत्ती नको, वास लागतो. टोक ज्योतीच्या वर, तिला न टेकवता, फिरवत तापवावे. आणि पंखा बंद! पंख्याखाली एक बाजू पुढे जळते आणि दोष सिगारीच्या माथी येतो.

मिनिटाला एक झुरका पुरे. पाच इंच लांब आणि 50 रिंगची, म्हणजे 50/64 इंच, जवळपास 20 मिलिमीटर जाडीची रोबुस्टो आकाराची सिगार पाऊण ते एक तास चालते. ती अर्ध्या तासात संपली तर कडवटपणा ओढणाऱ्याचा. चवीच्या नोंदी सिगारीच्या लांबीचे तीन भाग धरून कराव्यात. शेवटच्या भागात कडवटपणा वाढतोच. पहिल्याच भागात आला तर कोरडेपणा, आणि अमोनियासारखा वास असेल तर कच्चा तंबाखू. राख दोन-तीन सेंटिमीटर टिकली तर पोटात लांब पाने आहेत.

धूर छातीत घ्यायचा नसतो, म्हणून सिगार निरुपद्रवी, असेही लेखात सुचवले आहे. ते खरे नाही. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जाते, आणि तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका राहतो. मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. ज्यांना सवय नाही त्यांनी चव बघायलाही लावून घेऊ नये. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, ती सिगारीलाही लागू आहे.

पुढे कधी सिगारींवर निकाल छापलात तर डब्यातली आर्द्रता किती होती, तो आकडा सोबत द्यावा. फ्रिजचा सल्ला मात्र उन्हाळ्याच्या आत दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, भुसावळ