विषय: उन्हात तापून आलेल्या प्रोबायोटिक पुड्यांबाबत तक्रार

रामबाग, इंदूर
दि. २९ मे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

महोदय,

माझी आई ७६ वर्षांची आहे. फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, हिंडणं-फिरणं कमी झालं आणि पोट साफ होईनासं झालं. पहाटे गरम पाणी पिऊन ती पाऊण-पाऊण तास आत बसते, आणि भिंतीला धरून बाहेर येते तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. इसबगोल चालूच आहे. जोडीला महिनाभर प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंची भुकटी, देऊन बघा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तुमच्या ३० पुड्या १,१४० रुपयांना मागवल्या.

डब्यावर तुम्हीच छापलंय: २ ते ८ अंशांत ठेवा. आणि पाठवलंत कसं? साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, बर्फाची पिशवी नाही, काही नाही. पाच दिवस ते खोकं मे महिन्याच्या उन्हात फिरलं. माझ्या हातात आलं तेव्हा पुड्यांची चंदेरी पन्नी चटका बसावा इतकी तापलेली होती. पहिलीच पुडी फोडली तर आत भुकटीचा खडा झालेला.

तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं, "आता फ्रिजमध्ये ठेवा, काही होत नाही." आईनं ते ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "कढत दुधात विरजण घातलं, तर मग दूध गार करून दही लागतं का?" साठ वर्षं घरचं दही लावणाऱ्या बाईला जे कळतं, ते तुमच्या कंपनीला कळू नये?

तरी दोन आठवडे पुड्या दिल्या. फरक नाही. जिवाणू जिवंत असते तरी गुण आला असता असं मी म्हणत नाही, प्रोबायोटिक सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. पण ते जिवंत पोचवणं तुमचं काम होतं, त्याचेच तुम्ही पैसे घेतलेत.

आणखी एक. डब्यावर ५०० कोटी जिवाणू लिहिलेत, खाली बारीक अक्षरांत "उत्पादनाच्या वेळी". मुदत संपेपर्यंत किती उरतात? एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. शिवाय जिवाणूचं नाव नुसतं "बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस" लिहून भागत नाही. बद्धकोष्ठतेवरचे अभ्यास एचएन०१९ सारख्या ठरावीक स्ट्रेनवर, म्हणजे जिवाणूच्या ठरावीक उपप्रकारावर, झालेले आहेत. तुमचा स्ट्रेन कोणता, ते डब्यावर कुठेच नाही.

माझे पूर्ण पैसे परत करा. या बॅचची जिवंत जिवाणूंची तपासणी करून अहवाल पाठवा. आणि थंड पेटीची सोय होईपर्यंत उन्हाळ्यात हा माल कुरिअरनं पाठवणं थांबवा. माझ्या आईसारखी किती म्हातारी माणसं आशेनं रोज ही पुडी घेत असतील.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. २०१९ च्या कायद्यानं राहत्या गावी दाद मागता येते.

पावती, खोक्याचे आणि खडा झालेल्या पुडीचे फोटो सोबत जोडले आहेत. उरलेल्या १६ पुड्या फ्रिजमध्ये तशाच ठेवल्या आहेत, माणूस पाठवून घेऊन जा.

आपली,
एक ग्राहक